बॅटरी कधी उतरली

१

माझी ताई बॅटरीमुळे गेली, असं मला सांगण्यात आलं. तिच्या मुलाने फोनवर ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. "मावशी, गाडीची बॅटरी उतरलेली होती. नाहीतर आई वाचली असती." मग आवाज जरा खाली आणून, "धाकटीने आदल्या संध्याकाळी गाडी नेली होती. दिवे चालू ठेवून आली. पण मी तिला माफ केलंय."

त्या शेवटच्या वाक्याने माझं तोंड कडू झालं. आई जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि हा माफी वाटत बसला होता.

माझी उभी हयात विमा कंपनीच्या नोकरीत गेली. ठोकलेल्या, जळलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतो त्यात खरं किती ते ठरवायचं. या नोकरीने मला गुडघेदुखी दिली आणि माणसांचा वीट दिला. रडत रडत खोटं बोलणारे इतके पाहिलेत की कुणी रडायला लागलं की मी आधी त्याच्या टायरकडे बघते.

माझी जुनी गाडी घेऊन मी ताईच्या घरी पोचले. इमारतीखाली थोरल्याची नवी गाडी उभी होती, तोंड समोरच्या भिंतीकडे करून. आत क्रीम रंगाच्या सीट, त्यांच्यावर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच. मागच्या काचेवर आतून चिकटवलेली पाटी: 'गाडीत खाऊ-पिऊ नये.' बंद काचांतूनसुद्धा अत्तराचा वास येत होता, गोडसर, डोकं उठवणारा. मी नाकाला पदर लावला.

भिंतीतली खिडकी उघडली आणि एक म्हातारा चेहरा बाहेर आला. "तुमच्या गाडीला टुं-टुं आहे का?" त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"माझ्या गाडीला किल्ली आहे," मी म्हटलं.

"मग लावा. या वरच्याने जीव खाल्लाय माझा. ऊठसूट ते बटण, टुं-टुं, आणि पिवळे दिवे माझ्या डोळ्यांत. कुणाची झोप नाही, कुणाचं आजारपण नाही. घरात बाई मरायला टेकली तरी याचं टुं-टुं सुटलं नाही. तुम्ही कोण त्यांच्या?"

"गेलेल्या बाईची बहीण."

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग पुन्हा थोडी उघडून म्हणाले, "चांगल्या होत्या हो. माझं ऐकून घ्यायच्या."

२

वर घरात फिनेलचा वास भरून राहिला होता. फरशी इतक्यांदा पुसली होती की चप्पल चिकटत होती. थोरला सोफ्यावर बसून भेटायला आलेल्या कुणाला तरी तीच गोष्ट सांगत होता: बॅटरी, दिवे, धाकटी, माफी. ऐकणारा मान हलवत बिस्किटं खात होता. मला दोघांचीही शिसारी आली.

धाकटी आतल्या खोलीत, ताईच्या पलंगाच्या कडेला बसली होती. ओठ सुकलेले. समोर कुणीतरी ठेवलेल्या दुधावर साय धरली होती.

"मी आईला मारलं, मावशी," ती म्हणाली. रडत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

सकाळी ताईला मळमळायला लागलं, घाम सुटला, आणि लगेच उलटी झाली. झटका हृदयाचा होता हे नंतर कळलं. थोरला गाडी काढायला खाली गेला आणि परत येऊन म्हणाला की बॅटरी उतरलीय. मग ॲम्ब्युलन्स बोलावली. ती कुठेतरी गर्दीत अडकली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं; थोरल्याने सगळ्यांसमोर बॅटरीचं सांगितलं.

"दिव्यांचं आधी कोण बोललं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"दिवे चालू राहिले म्हणून बॅटरी गेली, हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आलं?"

तिने बराच वेळ आठवलं. "माझ्याच. दादा म्हणाला बॅटरी उतरलीय. मी म्हटलं, काल अंधार पडता पडता आले, माझ्याकडून दिवे राहिले का रे? तो काही बोलला नाही. दवाखान्यातून आल्यावर म्हणाला, हो, तेच झालं. मेकॅनिकपण तेच म्हणाला."

"तू दिवे बंद केले होतेस का?"

"आठवत नाही. रोज करते ते कुठे आठवतं, मावशी?" तिने माझा हात धरला. "मी ती नोकरी सोडतेय." दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतली जागा तिला वर्षभराच्या खटपटीने मिळाली होती, ताईने मला फोन करून दोनदा सांगितलं होतं. "इथेच राहीन. दादाचं घर सांभाळीन. एवढं तरी करायलाच हवं ना? दादा म्हणाला, राहा, वहिनीलाही मदत होईल."

मी दुधाचं भांडं उचलून मोरीत ओतलं. काहीतरी ओतून टाकायलाच हवं होतं.

३

"बस मावशी," थोरला म्हणाला. पाहुणा गेला होता. थोरल्याच्या अंगालाही तोच गाडीतला वास येत होता. "तिला समजाव. खात नाही. मी किती वेळा सांगितलं, झालं ते झालं."

"मला गाडीचं सांग. तू खाली गेलास, मग?"

"मग काय. गाडी मेलेली."

"मेलेली म्हणजे कशी? मरायच्याही तऱ्हा असतात. किल्ली फिरवली की टक्-टक् आवाज येतो, काटे थरथरतात, दिवे मिणमिणतात. तसं काही?"

"काही नाही. एक दिवा लागला नाही, आवाज नाही. दगड. पूर्ण उतरलेली होती." त्याने हाताने सपाट रेघ ओढली. "आत बसलो, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. अगं, माझे हात कापत होते."

"तुझ्या गाडीत बसायलाही आधी कुलूप काढावं लागत असेल."

"म्हणजे काय. खाली गेलो, बटण दाबलं, दार उघडलं. एक क्षण घालवला नाही मी." आणि मग डोळे टिपत, "त्या पोरीचं आयुष्यभर वाईट वाटेल मला."

बोलताना त्याने टीपॉयवरचा बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा केला, बोट निरखलं, रुमालाला पुसलं आणि रुमाल घडी करून दूर ठेवला. लहानपणी हा पोरगा सोललेलं केळंसुद्धा फडक्यात धरून खायचा. ताई कौतुकाने सांगायची, माझ्या मुलाला घाण अजिबात खपत नाही.

सूनबाई चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली एक बादली होती आणि तिच्यात नीट घडी केलेली जुनी चादर.

"ही इथे कशाला?"

तिने नळ सोडला. पाण्याच्या आवाजाआडून बोलली. "त्या दिवशी सीटवर घालायला काढली होती. म्हटलं, आईंना परत उलटी झाली तर. बादली आणि चादर घेऊन मी जिन्यात पोचले तर हे वर येत होते. म्हणाले, राहू दे, गाडी चालूच होत नाही."

"आणि तू?"

"मी चादर परत आणली." तिने नळ बंद केला आणि बादली पायाने ओट्याखाली सारली. पण चादर तिने कपाटात ठेवली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

४

मेकॅनिकचं दुकान कोपऱ्यावरच होतं. बाहेर जुन्या बॅटऱ्यांची उतरंड, ॲसिडचा आंबूस वास, आणि एका खोक्यावर पान खाऊन थुंकलेलं. मी पाय उचलून आत गेले.

"ती गाडी? संध्याकाळी बोलावलं होतं मला," मेकॅनिक म्हणाला. "दार उघडंच होतं. मीटर लावला तर काटा जागचा हलेना. साफ उतरलेली."

"बॅटरी खराब होती?"

"छे, नवी आहे. तारा घट्ट, टोकांवर पांढरं धरलेलं नाही. तशी बॅटरी आपोआप मरत नाही, मॅडम. कुणीतरी पिऊन टाकावी लागते. मी माझी बॅटरी शेजारी ठेवली, लाल तार लालला लावली, काळी त्यांच्या इंजिनाच्या लोखंडाला, आणि जशी लावली तसे पुढचे मोठे दिवे भक्कन माझ्या तोंडावर. डोळे दिपले माझे. म्हणजे दिव्यांचं बटण चालूच राहिलेलं. मी साहेबांना म्हटलं, हे बघा तुमचा चोर. ते म्हणाले, बहिणीचं काम."

"मोठे दिवे किती वेळात बॅटरी संपवतील?"

"इंजिन बंद असेल तर? सकाळी लावा, दुपार कलताना संपली. किंवा रात्री लावा, सकाळी संपली. मी त्यांना सांगितलं, आता थोडी लांब फिरवून आणा म्हणजे भरेल. तर म्हणाले, आज नको, रस्त्यावर चिखल आहे."

म्हणजे दिवे खरेच चालू होते. बॅटरी खरीच उतरली होती. मेकॅनिकने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. क्षणभर मला वाटलं, पोरीकडून चूक झालीच असेल. मी उगाच माझ्या जुन्या सवयीने घाण उकरत बसलेय.

परत येताना मी थोरल्याच्या गाडीपुढे थांबले. मेकॅनिकच्या तोंडावर आले ते दिवे बरोबर माझ्या कमरेच्या उंचीला होते. मी त्यांच्याकडे पाठ करून, ते जिकडे बघत होते तिकडे बघितलं. समोर खिडकी होती.

५

"मला एकच सांगा," मी खिडकीवाल्या आजोबांना विचारलं. "ताई गेली त्याच्या आदल्या रात्री तुम्हाला झोप लागली?"

"कसली झोप. खोकला. रात्रभर या खुर्चीत बसून काढली, खिडकी उघडी टाकून."

"गाडीचे दिवे डोळ्यांवर येत होते?"

"आले असते तर मी गप्प बसलो असतो? अख्खी इमारत उठवली असती. त्याचे साधे पिवळे दिवे लुकलुकले तरी माझं डोकं फिरतं. मुलगी संध्याकाळी आली, दिवे बंद केले, दार लावलं, गेली. तिला कळतं. रात्रभर काळोख होता, आणि तोच काय तो आराम."

"आणि सकाळी?"

"सकाळी तो आला. टुं-टुं. डोळ्यांत दिवे. मी ओरडलो, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. दार उघडून उभा. आत वाकून बघतोय, बघतोय. सीटवरून हात फिरवला. मग दार लावलं, पुन्हा टुं-टुं, आणि गेला वर."

"आत बसला नाही?"

"छे. उभ्याउभ्या गेला. मला वाटलं, काहीतरी विसरला असेल."

मी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिले. सगळं कळलं होतं, फक्त ते गिळवत नव्हतं.

६

मी तिघांनाही बाहेरच्या खोलीत बसवलं. सूनबाईने धाकटीपुढे कोमट दूध आणि पाव ठेवला. "आधी ऐक, मग खा," मी धाकटीला म्हटलं.

"आपण सगळे विचारत बसलो की बॅटरी कुणी उतरवली. विचारायला हवं होतं, कधी उतरली. मोठे दिवे चालू होते, हे खरं. मेकॅनिकने ते पाहिलं. पण रात्री ते चालू असते तर खालच्या आजोबांच्या तोंडावर आले असते, आणि ते रात्रभर खिडकीत जागे होते. काळोख होता म्हणाले. दिवे दिवसा लागले, जेव्हा उन्हात ते कुणाला दिसणार नाहीत."

"त्या म्हाताऱ्याचं काय ऐकतेस," थोरला म्हणाला. "तो सगळ्यांच्या नावाने खडे फोडतो."

"मग तुझं ऐकते. तू म्हणालास, गाडी दगड होती, एक दिवा लागला नाही. आणि म्हणालास, बटण दाबलं, दार उघडलं. ते बटण दाबल्यावर कुलूप काढतं कोण? गाडीचीच बॅटरी. ती साफ उतरली असेल तर बटण दाबून दाबून अंगठा झिजला तरी दार उघडत नाही; त्या बटणाच्या डबीत लपवलेली लोखंडी किल्ली काढून उघडावं लागतं. तू 'टक्-टक् आवाज आला' म्हणाला असतास तर मी अडकले असते. अर्धवट उतरलेली बॅटरी कुलूप काढते आणि इंजिन फिरवत नाही. पण तुला खोटंसुद्धा चकचकीत लागतं."

थोरल्याचा हात खिशातल्या डबीकडे गेला आणि थांबला.

"गाडी त्या सकाळी ठणठणीत होती. तू ती चालू करून बघितलीच नाहीस. डॉक्टरांनी उशिराचं विचारलं तेव्हा बॅटरीचं कारण तू सगळ्यांसमोर देऊन बसलास, मग ते खरं करणं भाग होतं. दवाखान्यातून मधे घरी कोण आलं होतं?"

"हे आले होते," सूनबाई म्हणाली. "आईंची कागदपत्रं न्यायला."

"तेव्हा दिवे लावले. संध्याकाळपर्यंत बॅटरी संपली, मेकॅनिकला साक्षीला बोलावलं. आणि दिव्यांची युक्ती तुझी स्वतःची नव्हती. ती या पोरीच्या तोंडून उचललीस. घाबरून तिने विचारलं, माझ्याकडून राहिले का, आणि तू तेच तिच्या गळ्यात बांधलंस."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "मी बंद केले होते?"

"तू बंद केले होतेस. आजोबांनी बघितलं."

तिने पावाचा तुकडा तोडून दुधात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा, तिसरा, घाईघाईने. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटाला ते सोसलं नाही. ती उठायला गेली आणि तिथेच, फरशीवर, भडभडून ओकली.

मी तिचं कपाळ धरलं. सूनबाई बादली आणायला धावली. आणि थोरल्याने दोन्ही पाय उचलून सोफ्यावर घेतले, पँट घोट्यापाशी वर ओढली आणि नाकासमोर हात धरला. एवढी सगळी अक्कल लढवून मी जे मांडलं होतं, ते त्याने एका हालचालीत कबूल करून टाकलं.

"त्या दिवशीही असेच पाय मागे घेतले होते," सूनबाई दारातून म्हणाली. बादली तिच्या हातात होती. "आई जिन्याशी बसल्या होत्या, तेव्हा."

त्याने पाय खाली सोडले, पण उशीर झाला होता. "मी न्यायलाच गेलो होतो," तो म्हणाला. "देवाशप्पथ, न्यायलाच गेलो होतो. दार उघडलं आणि... तो वास एकदा बसला की जात नाही मावशी, सीटच्या आत शिरतो. मला वाटलं, ॲम्ब्युलन्स येईलच. मला काय माहीत हृदयाचं आहे? साधं पित्त वाटलं. आणि आईच म्हणाली होती. विचार हिला. आईच म्हणाली, तुझ्या गाडीत नको रे, माझ्याकडून खराब होईल."

"म्हणाली होती," धाकटी तोंड पुसत हळूच म्हणाली.

ताई तसंच बोलणार. जन्मभर तशीच बोलली. शेवटची पोळी असली की मला भूक नाही म्हणायची.

"ते तिने कशासाठी म्हटलं होतं, कळतं का तुला?" मी विचारलं. "तू 'होऊ दे' म्हणावंस म्हणून. एवढंच बोलायचं होतं तुला."

तो रडायला लागला. खरं रडत असेलही. मी टायर बघायला उठले नाही. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, त्या खोलीतलं अत्तर आणि फिनेल सोसवत नव्हतं. फरशीवर पडलेलं होतं ते त्या मानाने स्वच्छ होतं.

"दादा," धाकटी म्हणाली, "मी तुला माफ केलेलं नाही." तिने ते भांडल्यासारखं म्हटलं नाही. एखादी वस्तू कुठे ठेवलीय ते सांगावं तसं सांगितलं आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. नोकरीच्या गावी रुजू व्हायला अजून अवकाश होता; तोवर ती माझ्याकडे राहणार होती.

सूनबाई आम्हाला सोडायला खालपर्यंत आली. चादर तिने बरोबर आणली होती. गाडीत बसलेल्या धाकटीच्या मांडीवर तिने ती ठेवली आणि वर न जाता तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

खिडकीवाल्या आजोबांनी खिडकी उघडली, आम्हाला पाहिलं, आणि काही न बोलता लावून घेतली.

माझ्या गाडीने दोनदा खाकरून घेतलं आणि सुरू झाली. कोपऱ्यावर वळताना धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तोंडावर हात धरला, दुसऱ्या हाताने चादर चाचपडली.

"मावशी, थांबव. परत होईल असं वाटतंय. तुझी गाडी खराब होईल."

"होऊ दे," मी म्हटलं.